नमुना क्रमांक सात

सोहारच्या शाळेत उद्या प्रॅक्टिकल.
रात्री मी एकटाच बसून
बावीस परीक्षानळ्यांत क्षार भरतो.
कुठल्या नळीत काय, ते मला ठाऊक
आणि कपाटातल्या वहीला.

सकाळी सात नंबरवर जिस्ना वर्गीस.
तपकिरी कडं काही उमटेना,
नळी उजेडाकडे धरून पुटपुटते,
अंकल, नायट्रेट नाहीये ना हे?
बाहेरून आलेले परीक्षक
खजुराची बी कुठे टाकावी ते शोधताहेत.
मी बोलत नाही. बोलणं माझ्या पगारात नाही.
टेबल पुसता पुसता
सिल्व्हर नायट्रेटची बाटली तेवढी
लेबल तिच्याकडे करून ठेवतो.

दही लागावं तसं नळीत पांढरं साकळलं.
तिनं लिहायला घेतलं, वर पाहिलं नाही.
बरंच झालं.

मग धुणं.
इथलं नळाचं पाणी समुद्राचंच,
कारखान्यातून गोड होऊन येतं,
तरी काचेवर वाळलं की
पांढरी रेघ सोडून जातं.

दुपारी कार्डाच्या ऑफिसात
यंत्र माझा अंगठा ओळखेना.
एकोणीस वर्षांचं आम्ल, सोडा, काळे डाग.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, दुसरं बोट.
मग म्हणाला, तिसरं.
शेवटी त्यानं ओला टिश्यू घेतला
आणि माझी बोटं पुसली,
बुडापासून टोकाकडे, एकेक,
मी नळ्या पुसतो तशी.

करंगळीला दिवा लागला.
हिरवा,
तांब्याची ज्योत असते तसा.