दीड हाताची नाडी

तिच्या डाव्या मनगटाला, माझ्या उजव्या मनगटाला
बुटाची एक जुनी नाडी.
मधे दीड हात.
सेमिनरी हिल्सच्या चढावर पहाटे साडेपाचला
वैजयंती मेश्राम पळते
आणि मी पळता पळता बोलतो.

सुरुवातीला फार बोलायचो.
आभाळ कसं जांभळं होतंय, सागाची पानं
कशी ताटांएवढी पडलीत, टॉवरचा लाल दिवा
कसा अजून पेंगतोय...
तेवढ्यात ती आपटली.
गुडघा झटकत म्हणाली,
"ते आभाळ नंतर सांग ना भाऊ,
गतिरोधक आहे ते सांग आधी."

तेव्हापासून:
डावीकडे खड्डा.
चार पावलं, मग उतार.
कुत्रं. झोपलंय.

जानेवारीत दहा किलोमीटरची शर्यत.
शनिवारी, सदरच्या बँकेत, जेवणाच्या सुट्टीत
तिनं अर्ज उघडला.
तिचा फोन इतक्या भरभर वाचतो
की मला नुसता भुंगा ऐकू येतो.
माझ्यासाठी तिनं वेग कमी केला.
बटन. बटन. लिंक. बटन.
प्रतिमा, बॅनर अंतिम अंतिम दोन.
बटन.
"यातलं कोणतं दाबू?"

तळाशी एक कोडं:
सिग्नल दिसणारे चौकोन निवडा,
आपण माणूस आहात हे सिद्ध करा.
ती डबा बंद करत हसली.
"माणूस आहे का म्हणते!
चाळीस मिनिटं झाली बसून राहिली मी,
मशीन असती तर कधीचीच उठून गेली असती."

मी हसलो नाही.
ते पान माझं होतं.
परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
दिवाळीच्या तोंडावर दोन रात्री जागून केलेलं.
एका बटनावर बूट काढला होता, एकावर घड्याळ,
एकावर झेंडा.
शब्द कुठेच नव्हता.
साहेब म्हणाले होते, वा, काय स्वच्छ दिसतंय.

रविवारी चढावर, दम लागलेला असताना सांगून टाकलं.
नाडी ताणली गेली.
टॉवरच्या फाटकापर्यंत फक्त बूट वाजत राहिले.
मग ती म्हणाली, "मले काहून सांगून राहिला?
दुरुस्त कर ना."

रात्री बसलो. बूट म्हणजे नोंदणी,
घड्याळ म्हणजे वेळापत्रक, झेंडा म्हणजे मार्ग.
सोपं होतं. लाज वाटावी इतकं सोपं.
बॅनरच्या फोटोपाशी मात्र अडलो.
फुटाळ्याच्या काठानं पळणारी गर्दी,
पाण्यावर ऊन, एकाची टोपी उडालेली.
तीन ओळी लिहिल्या, खोडल्या.
शेवटी ठेवलं:
पळणारी माणसं. डावीकडे तलाव.
टोपीसाठी जीव हळहळला.

कोडं काढायला साहेबांची सही लागते.
अर्जाची मुदत गुरुवारी संपते.

आज वर पोचल्यावर तिनं नाडी सोडली,
कठड्यावर बसून बाटली तोंडाला लावली.
"हं. थांबलो आता.
ते तुझं जांभळं आभाळ सांग."
मी वर पाहिलं.
तोवर ते पिवळं झालं होतं.
तेच सांगितलं.