शेंडा मोकळा ठेव

अब्दलीच्या शेतावर, सरहद्दीच्या तारेपासून दोन हाकांवर,
मी खजुराच्या रोपांना गोणपाट शिवतोय.
दाभण वेंगुर्ल्याचं, सुतळी जहराच्या बाजारातली,
गोण्या तांदळाच्या. धुऊनही
कुठल्याशा गिरणीचा निळा हत्ती
त्यांच्यावरून जायला तयार नाही.

शाबान म्हणतो, खाली घट्ट, वर सैल.
शेंडा मोकळा ठेव.
थंडीनं मरतात त्याहून जास्त रोपं
आपण गुदमरवून मारतो.
तो फय्यूमचा. अकरा हिवाळे इथे काढले,
तरी बोलताना अजून हात काखेत.

माझा बाप माड चढायचा.
झाडांना थंडी वाजते का, असं त्याला विचारलं असतं
तर कोयता पुसत म्हणाला असता,
माका वाजता. माडाक कित्याक वाजतली?
आमच्याकडे माघात फार तर
विहिरीवर सकाळी वाफ दिसायची.
इथे पहाटे नळ बोलत नाही,
आणि कोंबड्यांच्या पाण्यावर
काच धरलेली असते, पातळ,
बोट लावलं की फुटणारी.

गेल्या साली चौतीस रोपं गेली.
गेलेलं रोप लगेच सांगत नाही.
महिनाभर हिरवंच असतं.
मग एके दिवशी मधलं पान धरून ओढावं
तर हातात येतं, अलगद, दुधाच्या दातासारखं,
आणि बुडाशी आंबूस वास:
बापाच्या मडक्याचा.

दिवानियासमोर मात्र निराळाच पाहुणा.
क्रेननं उतरवलेला पाम,
मूळचा कुठल्या बर्फाळ डोंगरातला,
खोडभर तपकिरी केस, पंख्यासारखी पानं.
किंमत म्हणजे माझे चौदा पगार.
अबू मिशारींचा फोन आला,
आधी त्याला गुंडाळा. दोन थर. आत दिवे सोडा.
शाबाननं आभाळाकडे पाहिलं.
मी तंबूचं जाड कापड आणलं
आणि अंगात कोट असलेल्याला
आणखी एक कोट चढवला.

सोळा तारखेला दुपारी शमाल पडला.
वारा पडणं वाईट. वारा असला की थंडी
फिरत राहते, पडला की बसते.
सांजेला आम्ही वाफे भिजवले.
ओली माती रात्री थोडी ऊब परत देते,
सगळी नाही.
शेवटच्या ओळीत गोणपाट संपलं.
नऊ रोपं उघडी.

दोन वाजता मी दिवानियाकडे गेलो.
कापडाच्या आत हात घातला.
आत दमट, गरम,
ताप आलेल्याच्या काखेसारखं.
पाम घामाघूम.
मी आजूबाजूला पाहिलं. कुत्रं होतं फक्त,
तेही ओळखीचं.
गाठी सोडल्या. कापड कोयत्यानं फाडलं,
नऊ तुकडे, वेडेवाकडे.
दिव्यांची माळही ओढत नेली,
चाळीसचे पिवळे बल्ब, तीन रोपांआड एक.
बोटांना दाभण कळेना.
शेवटच्या दोघांना नुसत्या गाठी मारल्या.

सकाळी वाफे पांढरे.
पामच्या केसांवर दहिवर गोठलेलं,
आणि तो मजेत,
विहिरीवर अंघोळ करून आलेल्या
पैलवानासारखा निथळत उभा.

शुक्रवारी मालक आले.
पामभोवती एक फेरी मारली, केस कुरवाळले.
म्हणाले, बघा, जगला.
म्हणूनच सांगत होतो गुंडाळा.
शाबान म्हणाला, अल्लाची कृपा.
मी म्हटलं, हो साहेब.
कापड कुठे गेलं, हे त्यांनी विचारलं नाही.
चहा मात्र पाठवला, केशर घातलेला,
दोन पेले.

मार्चमध्ये एकेकाचं मधलं पान ओढून पाहिलं.
आठांनी सोडलं नाही.
नववं आलं हातात.
शाबाननं ते हुंगलं, माझ्याकडे दिलं.
मी हुंगलं नाही.

त्याचं कापड धुऊन तारेवर टाकलंय.
सुतळी सोडवून गुंडाळून ठेवली.
सुगंधा फोनवर विचारते, थंडी सरली का तिकडे?
म्हटलं, सरली.
म्हातारीची थंडी म्हणतात ती उरलीय,
चार-आठ दिवसांची.
स्वेटर अजून बाहेरच आहे.