डोळ्यांवर बाही

धैदच्या पलीकडे, जिथं डांबर संपतं
आणि वाळू आपला रस्ता रोज बदलते,
तिथल्या कुंपणात एकोणचाळीस चितळं आहेत.
मागच्या ज्येष्ठापर्यंत चाळीस होती.

मऊ वाळूत खूर झिजत नाहीत.
वाढत राहतात, पुढून वळतात
मोजडीच्या टोकासारखे.
म्हणून वर्षातून एकदा प्रत्येकाला
थोडा वेळ झोपवावं लागतं.

गेल्या साली झोप स्वस्तात आणली होती.
कुरियन मॅनेजरनं कुठूनशी अर्ध्या किमतीची बाटली,
लेबलावरची तारीख कुणीतरी नखानं खरवडलेली.
भर दुपारी जीप मागे लावली,
आणि डोस?
अंदाजपंचे दाहोदरसे.
सुई लागली तरी तो पळतच होता,
मग पडला कुशीवर, पोट फुगत गेलं.
अंगावर हात ठेवला तो मी चटकन काढला,
तव्यावरून काढावा तसा.
वहीत लिहिलं: नर, एक, वजा.
पुढच्या रकान्यात रक्कम.

यंदा मुझम्मिल डॉक्टर आले, सुदानचे,
पायात रबरी चपला, बोलणं हळू.
म्हणाले, औषध चांगलंच घेऊ, पण थोडं घेऊ.
काटकसर करायचीच तर भीतीत करा;
भीती कमी, तेवढं औषध कमी.

मग खजुराच्या झावळ्यांची एक बोळ बांधली,
वरून जुनी हिरवी जाळी, दुहेरी.
एकवीस दिवस लसूणघास त्या बोळीतच टाकला.
पहिले आठ दिवस कुणी आत आलं नाही.
नवव्या दिवशी एक म्हातारी मादी आली,
तिच्यामागून बाकीचे, जसं काही त्यांचंच ठरलं होतं.
अंधाराचं बिल येत नाही,
असं मी कुरियनला म्हटलं. तो हसला नाही.

वजनकाट्यावर मात्र गाडं अडलं.
काट्याला चार हजार दिरहम, कोण देणार?
आणि वजन चुकलं की झोपही चुकते.

माझा बाप काष्टीच्या बाजारात बकऱ्यांचा दलाल.
कण्यावर अंगठा, बरगडीवर चार बोटं,
की मटण किती पडेल ते सांगायचा, पावशेराच्या फरकानं.
सौदा रुमालाखाली. बोटं बोटांशी बोलायची,
भाव कुणाला दिसायचा नाही,
जनावराला तर नाहीच.
मी ते शिकलो होतो,
आणि शिकलोय हे बारा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

पहाटेची बांग व्हायची होती. वाळू गार.
फटीतून हात घातला, अंगठ्यानं कणा शोधला.
कातडी एकदा थरारली, मग थांबली.
बासष्ट, म्हणालो.
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं
आणि सिरिंज बासष्टवर भरली.

तो बसला. पडला नाही, बसला.
शेर झमाननं कमीजची बाही उसवून दिली,
ती त्याच्या डोळ्यांवर बांधली.
छातीवर टेकवा, कुशीवर नको.
मान उंच, नाक खाली, लाळ वाहू दे.
मी श्वास मोजत होतो, हात बरगडीवर,
तीच चार बोटं.
खुरांचे काप वाळूत पडत होते, खोबऱ्याच्या कापांसारखे.

मग उठवायची सुई.
आधी कान उठला, मग बाकीचा तो.
बाही सोडली तर ओली होती.
त्यानं एक पाय उचलला, ठेवला, पुन्हा उचलला,
स्वतःच्याच पायांबद्दल शंका आल्यासारखा,
आणि मागे न बघता कळपात गेला.

एक झालं. अडतीस बाकी.
शेर झमाननं बाही पिळून खांद्यावर टाकली.

रात्री बापाला फोन लावला.
म्हटलं, आज वजन केलं, तुमच्यासारखं, नुसत्या हातानं.
बरोबर निघालं?
निघालं.
कितीला गेला?
गेला नाही, म्हटलं. उठला.
लाईन खराब होती.
त्यानं पुन्हा विचारलं, कितीला?