इंग्लंडचा आवाज

लेमविगच्या बंदरामागे, जाळ्यांच्या जुन्या गोदामात
टोर्किलचं दुकान.
इथे लाउडस्पीकर दुरुस्तीला येतात
आणि पाठ उघडली की कळतं
कोण कुठल्या घरात वाढलंय.

अमेरिकन कपाटाएवढा, दोघांनी उचलायचा.
पंधरा इंची कागदी पडदा, वर कर्ण्याचं तोंड.
त्याला ऐसपैस लाकडी घर हवं, शेजारी अर्ध्या मैलावर
आणि खिडकीबाहेर नुसता मका.
हळू बोलायला त्याला कुणी शिकवलंच नाही.
मनाने मोकळा.

जपानी आला तो पांढरे हातमोजे घेऊनच.
आतल्या सगळ्या स्क्रूंच्या खाचा एकाच दिशेला थांबलेल्या,
कुणाला कधी दिसणार नाहीत त्यांच्यासुद्धा.
कागदी दारापलीकडे बाळ झोपलेलं असताना
व्हायोलिन ऐकायचं, तर असंच बोलावं लागतं,
एका वॉटात,
आणि तरी पूर्ण वाक्यात.

जर्मनासोबत त्याचा आलेख आला.
रेघ सरळ, फूटपट्टी लावल्यासारखी.
टोर्किल म्हणतो, मला यात खोट सापडत नाही,
हीच माझी तक्रार.

फ्रेंच जोडीबद्दल तो बोलत नाही.
ती पहिली बायको घेऊन गेली.

राहिला इंग्रज.
तो आणला प्रेबेनने, इतिहासाच्या निवृत्त मास्तराने,
कुशीत धरून, आजारी मांजर आणावं तसा.
गालिचा, विटा आणि जेमतेम बारा फुटांची बैठक,
एवढ्यासाठी बांधलेली पेटी.
भिंती पातळ, आतून डांबराचं अस्तर.
"लाकडाला थोडं थरथरू देतात," प्रेबेन म्हणाला,
"म्हणजे माणसाचा गळा माणसाचा राहतो.
बातम्या सांगणाऱ्याच्या सभ्यपणाने गातात हे लोक.
दुसऱ्या कुणाला जमणार नाही."
आडात असेल तेच पोहऱ्यात येतं,
अशा अर्थाचं काहीतरी तो डॅनिशमध्ये बोलला.

गुरुवारी बोडिल येते. वय एकोणऐंशी.
डोळे आता साथ देत नाहीत, पण बोटांना गोंद कळतो,
कधी ओला, कधी चिकट, कधी उशीर झालेला.
तिने इंग्रजाचे आठ स्क्रू काढले,
पडदा बाहेर घेतला, उलटा केला
आणि दिव्याखाली बराच वेळ धरून राहिली.

चुंबकावर पेन्सिलीने चौदा.
चारचं शेपूट लांब ओढलेलं.

चौदा म्हणजे खिडकीजवळचं टेबल,
इथून तासाभरावरच्या कारखान्यात.
तिथे ती तार गुंडाळायची, केसाहून थोडी जाड,
आणि पंधराव्या टेबलावरची ल्युबित्सा
स्वतःच्या भाषेत गुणगुणत कडा चिकटवायची.
कागद फिनलंडचा होता. चुंबक कुठून येत
ते कधी कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.
खोकी भरायची, बोटीवर चढायची,
समुद्रापलीकडे पेटीत बसली
की इंग्रज व्हायची.

तारखेचा शिक्का अजून वाचता येत होता,
नोव्हेंबर, अठ्ठ्याहत्तर.

तिने नवी कड बसवली. चौदावर बोट टेकवलं,
पुसलं नाही.
टोर्किलने पाहिलं, पण तोही
शिट्टी वाजवत दुसरीकडे वळला.

शनिवारी प्रेबेन आला. चेलो लावला.
डोळे मिटले, हात पाठीमागे बांधले,
वर्गात उभा असल्यासारखा.
"आलं," म्हणाला. "इंग्लंड आलं परत.
ही मधल्या सुरांतली बारीक कळ ऐकता ना?
ती तिकडच्या हवेची. ती घडवता येत नाही,
ती असावी लागते."

बोडिल बिल लिहायला खास आली होती.
रबर. गोंद. दीड तास.
तिला तो नोव्हेंबर आठवला.
आठवडाभर दाढ ठणकत होती,
तरी रजा घेतली नव्हती, नाताळसाठी राखायची होती,
गालाला लोकरी फडकं बांधून तिने
दिवसाला साठ नग पुरे केले होते.

जीभ आपोआप त्या रिकाम्या जागेवर गेली.
"हो," ती म्हणाली,
"येतेय ऐकू."