जसू, बे चा

कर्पेसर माझ्याकडे पाठ करून बसतात.
दांडिया बाजारात, शिलाई मशीनच्या दुकानावर,
दर गुरुवारी साडेसहाला.
पेटीच्या दोन पट्ट्या दाबतात, एकीमागून एक,
आणि म्हणतात, सांग.

गाण्यावरून ओळखायचं नाही.
अमकी बंदिश अशी सुरू होते म्हणून हा गंधार,
हे चालत नाही.
"माणसं चपलांवरून ओळखतेस का?
दोघांच्या मधे उभी राहा. किती मोकळं आहे ते बघ."

एक्कावन्नाव्या वर्षी मी मधे उभी राहू लागले.
सा आणि कोमल रिषभ: दोघांच्या बाकावर तिघं.
सा आणि मध्यम: ओळखीच्या घरी दार लोटून आत.
पंचम म्हणजे सुरसागरचा पलीकडचा काठ,
पोहून जाता येईल असं वाटायला लावणारा.
फक्त तीव्र मध्यम हुकायचा.
वहीत त्याच्यापुढे तांबड्या फुल्या, पानभर.
दर वेळी मी पंचम सांगायचे
आणि सर म्हणायचे, जवळ. पण जवळ म्हणजे नाही.

मग ते वर्गाबाहेर आलं.
बँकेतलं टोकनचं यंत्र गंधारावरून सा वर उतरतं,
गिऱ्हाईक उठतं, मी नोटा मोजायला विसरते.
झोपाळ्याची कडी जाताना एक, येताना दुसरं बोलते;
यांना म्हटलं, एवढ्यात तेल घालू नका.

सात वाजले की सर गॅलरीत जाऊन ओरडतात,
"जऽसूऽऽ! बे चा!"
खालच्या सा वरून थेट पंचम,
काठी उगारून कैरी पाडावी तसा.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी
'सू' पंचमाला लागला नाही.
अलीकडेच राहिला. केसभर नव्हे, पुरी एक पट्टी.
आणि मला कळलं, हाच तो,
पेटीवर वर्षभर न सापडलेला.
खोकला नव्हता, धाप नव्हती,
सर कठडा धरून नेहमीसारखे उभे.

आत येऊन बसले, या वेळी माझ्याकडे तोंड करून.
"आत्ता मी काय लावलं?"
"पंचम," मी म्हटलं.
ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले.
लाल पेन्सिल उचलली, फुली मारली.
"आधीच्या सगळ्या कानानं चुकलेल्या," एवढंच म्हणाले.

जसू चहा घेऊन आला. ठेवताना
दोन बशा एकमेकींना लागल्या.
"हं?"
सांगितलं.
"बरोबर," म्हणाले,
आणि दोन्ही हातांनी कप धरून
बशीत ओतू लागले.