दहा हप्ते

दहा हप्ते फेडले त्या जहाजाचे.
चौथ्याला फ्रीज गेला, तरी फेडला.
सातव्याला ओस्मारची नोकरी गेली, तरी फेडला,
शाळेचे अडतीस गणवेश शिवून.
दहाव्याची पावती भिंतीला चिकटवली
आणि तिच्याकडे बघत भांडी घासत राहिले.

मग उरले तीन दिवस.

गुरुवारी काइके जाबुतिकाबाच्या झाडावरून पडला.
चार महिने, दर शनिवारी, नाक चिमटीत धरून
पोहायला शिकला होता, जहाजावरच्या तलावासाठी.
डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर.
डॉक्टर म्हणाले, पाणी लागू देऊ नका.
रडला नाही. एवढंच विचारलं,
"समुद्राचं पाणी पण पाण्यातच धरायचं?"

शुक्रवारी संध्याकाळी जुसाराची जीन्स धुतली गेली.
म्हणजे मीच धुतली. या घरात जे जे आपोआप धुतलं जातं
ते मी धुतलेलं असतं.
मागच्या खिशात तिचं ओळखपत्र.
मशीनमधून निघालं तेव्हा नाव जागच्या जागी,
शिक्का जागच्या जागी,
लेक तेवढी वाहून गेलेली.
दोन भुवया आणि एक कान शिल्लक.
ती चौदा वर्षांची. म्हणाली, "खऱ्या तोंडापेक्षा बरी दिसते."
कचेरी सोमवारी उघडणार, जहाज रविवारी सुटणार.
मी ते कार्ड इस्त्रीखाली धरलं.
का, ते विचारू नका.

शनिवारी कवळी.
दोना झुलेइदे, माझ्या सासूबाई,
अठ्ठ्याहत्तर वर्षांत समुद्र पाहिलेला एकदा,
तोही बसमधून, दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून.
त्यांच्या वरच्या दातांची कवळी कुत्र्याने पळवली
आणि तासाभराने परत आणून दिली,
दोन तुकड्यांत, शेपूट हलवत.
प्रामाणिक प्राणी.
ओस्मार पहाटे दोनपर्यंत डिंक घेऊन बसला.
बोटं चिकटली. कवळी नाही.

आणि रविवारी, कांपिनासहून निघून,
सांतोसचा घाट उतरताना धुकं,
आणि धुक्यात क्लच गेला.
ओस्मारने बॉनेट उघडलं आणि आत बघत उभा राहिला,
विहिरीत काही पडल्यावर माणसं बघतात तसा.
तेव्हा मी रडले.
हाताला नाही, कार्डाला नाही, दातांनाही नाही,
क्लचला रडले. तोंड फिरवून,
दरीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं.
सहा बॅगा, एक प्लास्टर, दोन भुवया, एक बोळकं.

पावाची गाडी थांबली.
"कुठे?" "बंदरावर." "पावाबरोबर बसाल?"
आम्ही पावाबरोबर बसलो.
अंधार, ऊब, यीस्टचा वास,
आणि मांडीवर कुणाच्या तरी न्याहारीचं क्रेट.
वळणावर आम्ही सगळे एका बाजूला कलंडायचो.
काइके म्हणाला, "सुरू झालं का?"

बंदरावर धावलो. धावताना एक चाक गळालं,
मी वळून पाहिलं नाही.
खिडकीतल्या बाईने कार्ड हातात घेतलं.
जुसाराकडे पाहिलं, कार्डाकडे, पुन्हा जुसाराकडे.
माझ्या पोटात शिलाईयंत्र चालू.
"उन्हात बसव हिला," ती मला म्हणाली,
"फार फिकट आली आहे." आणि शिक्का मारला.

जहाज?
जहाज आलंच नव्हतं.
धुक्याने बंदर बंद. पाच तास, कदाचित सहा.

तर बसलोय बॅगांवर.
जुसारा धावपळीत माझा हात धरून होती,
अजून सोडायला विसरली आहे.
काइके प्लास्टरला कचऱ्याची पिशवी बांधून
बाकड्यावर पालथा, एका हाताने पोहतोय.
ओस्मार फोनवर, गाडी कुठे सोडली ते
कुणाला तरी समजावतोय, "अहो, धुक्यात."
सासूबाई गाडीवाल्याने दिलेला पाव
कॉफीत बुडवून बुडवून चोखताहेत.

मघाशी बाहेर कुठेतरी भोंगा वाजला.
खूप लांबून, जाडसर, दिसलं काहीच नाही.
सासूबाईंनी कप खाली ठेवला,
केसांतली पिन सारखी केली,
आणि दारात कुणी ओळखीचं उभं असावं तशा
बोळक्या तोंडाने म्हणाल्या,
"आले, आले."