हातचा

तीस वर्षं बुकीच्या शेजारी उभा राहून
मी भाव लिहीत होतो, पाचास एक, सातास दोन,
पेन्सिलीने, कारण पावसात शाई पसरते.
आता त्याच अक्षरात लिहितो:
दात काढणे, चार नग, तीनशे वीस पौंड.
जंताचं औषध. पेंढा.
मागच्या पायाचा मोडका सांधा, हप्ता तिसरा.

एनिड थर्लवेल म्हणते, विल्फ, तुझा सात एकासारखा दिसतो.
असेल. बँकेनेही दोनदा विचारलं.

डरहॅमकडच्या या गावात आधी खाण बंद पडली,
मग शर्यतीचं मैदान. तिथे आता गालिच्यांचं दुकान आहे.
कुत्री मात्र ठरल्या तारखेला बंद पडत नाहीत.
चौथ्या वर्षी धावणं संपतं, बाराव्यापर्यंत भूक लागते,
आणि मधली आठ वर्षं कुणाच्या वहीत धरायची
हे मैदानावर कुणी काढत नसे.
मीही काढलं नाही.
हेही खर्चाच्या बाजूला लिहून ठेवतो.

शनिवारी बाजाराच्या दाराशी आम्ही डबा घेऊन उभे.
बरोबर टेली, करडा, विणलेल्या कोटात अवघडलेला.
त्याच्या कानात गोंदलेली अक्षरं आहेत,
त्यावरून कूळ सांगता येतं, जन्मगाव सांगता येतं,
त्याला कशाची भीती वाटते ते नाही.
एक म्हातारा थांबतो. म्हणतो,
"याच्या बापापायी माझी लग्नाची अंगठी गेली."
हसतो, पाचाची नोट घडी करून डब्यात सारतो,
आणि कुत्र्याच्या मानेवर हात ठेवून
बराच वेळ काही बोलत नाही.

माझा अनुभव असा की हरलेली माणसं देतात.
जिंकलेली रस्ता ओलांडतात.

टेलीला मार्चमध्ये हेक्सॅमच्या पॅलिस्टर दांपत्याने नेलं.
सोमवारी परत आणलं.
चारशे ऐंशी मीटर एकोणतीस सेकंदांत कापणारा प्राणी
तेरा पायऱ्यांखाली रात्रभर उभा राहिला,
आणि त्या वर, बिछान्यात, जाग्या.
काचेच्या दाराला त्याने नाक फोडून घेतलं होतं.
बाई रडत होत्या. लीश माझ्या हातात देताना म्हणाल्या,
कुत्रा तुमचा, पण देणगी ठेवा.
पन्नास पौंड. मी जमेला लिहिले.
दुसऱ्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना.

आमचे गाळे नऊ.
शाळेत मिस हॅगरस्टन फळ्यावर खडू आपटत सांगायच्या:
नवाच्या पुढे गेलं की त्या घरात मावत नाही,
हातचा घ्या, शेजारच्या घरात द्या.
दहावा आता ऑफिसात झोपतो, हीटरला पाठ लावून,
चारही पाय माझ्या खुर्चीखाली,
म्हणजे मला उठायचं तर आधी त्याला विचारावं लागतं.

महिनाअखेर. डब्यात एकेचाळीस पौंड सतरा पेन्स,
एक कोटाचं बटण,
आणि कुणा पोराने टाकलेलं चॉकलेटचं खोटं नाणं.
डॉक्टरांना अजून सहाशे द्यायचेत.
तोंडमिळवणी होत नाही, एनिडलाही माहीत आहे,
ती किटली चढवते.

मी तळाशी ओढतो रेघ
आणि रेघेखाली लिहितो: हातचा एक.
पेन्सिलीनेच.
उद्या बिनजिन्याच्या घरातून कुणी आलं
तर खोडता यावं.